एकच गोळी: सासूबाईंना कॅन्सरसाठी, सुनेला बाळासाठी

परवा संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर माझ्या औषधांच्या दुकानात ओळखीची एक सून आली. दोन वर्षं झाली, दर महिन्याला तीच येते, सासूबाईंची लेट्रोझोलची पाकिटं न्यायला. सासूबाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक (रेडिएशन) झाला आणि आता रोज एक गोळी चालू आहे. त्या दिवशी मात्र चिठ्ठी तिच्या स्वतःच्या नावाची होती. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, पाळी दोन-दोन महिने येत नाही, म्हणून ती डॉक्टरांकडे गेली होती. तिनं चिठ्ठी काउंटरवर ठेवली, बोट एका ओळीवर ठेवलं आणि काहीच बोलली नाही. ओळ होती: लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून ५ दिवस.

मग हळूच म्हणाली, "मॅडम, ही तर आत्याबाईंची गोळी. मला कॅन्सर झालाय आणि घरचे लपवायलेत का ओ?"

तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पाऊण तास बसून समजावलं. जिथं चिठ्ठी लिहिली गेली, तिथं कुणी दोन मिनिटं दिली असती तर ही बाई अख्खी दुपार रडली नसती, याचं मला वाईट वाटलं. तिच्यासारख्या अनेक जणी हीच शंका मनात ठेवून घरी जातात, काही गोळी घेतच नाहीत. म्हणून त्या पाऊण तासातलं बोलणं इथं जरा सविस्तर लिहिते.

एस्ट्रोजेन तयार कसं होतं?

एस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं मुख्य हार्मोन. हार्मोन म्हणजे एका ठिकाणी तयार होऊन रक्तातून दुसऱ्या ठिकाणी जाणारा निरोप. पाळी येणं, स्तनांची वाढ, गर्भाशयाचं अस्तर तयार होणं, हाडं भक्कम राहणं, कातडीचा ओलावा, अंगाची उष्णता सांभाळणं, एवढी सगळी कामं या निरोपावर चालतात.

आता एक गोष्ट ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. शरीर एस्ट्रोजेन थेट बनवत नाही. आधी बनतात ती टेस्टोस्टेरॉनच्या कुळातली, ज्यांना आपण पुरुषी हार्मोन म्हणतो ती. प्रत्येक बाईच्या शरीरात ती असतात. त्यांच्यात शेवटचा एक बदल झाला की त्यांचं एस्ट्रोजेन होतं. फरक इतका बारीक की टेस्टोस्टेरॉनमध्ये कार्बनचे १९ अणू, एस्ट्रोजेनमध्ये १८. एक अणू गळतो, एका कड्याची रचना बदलते आणि निरोप पूर्ण बदलतो.

हा शेवटचा बदल करणारं एन्झाइम म्हणजे अरोमाटेज. एन्झाइम म्हणजे शरीरातलं एखादं नेमकं काम करणारं यंत्र. सोलापूरकरांना हे समजायला सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे माग. एका बाजूनं सूत जातं, दुसऱ्या बाजूनं चादर निघते. टेस्टोस्टेरॉनच्या कुळातली हार्मोन हे सूत, एस्ट्रोजेन ही चादर आणि अरोमाटेज हा माग. गोदामात सुताचे ढीग असले तरी माग थांबला की चादर नाही. आपल्या गोळ्या नेमक्या या मागाला थांबवतात, म्हणून त्यांच्या गटाला अरोमाटेज इनहिबिटर म्हणतात. इनहिबिटर म्हणजे रोखणारा.

गिरणी बंद झाली, तरी घरोघरचे माग चालूच

पाळी चालू असेपर्यंत एस्ट्रोजेनची मोठी गिरणी म्हणजे अंडाशय. साधारण ४६-४७ च्या आसपास आपल्याकडच्या बायकांची पाळी जाते आणि ही गिरणी बंद पडते. बहुतेकांना वाटतं की मग एस्ट्रोजेन संपलं.

आपल्या गावाकडेच बघा. जुनी गिरणी गेली, नरसिंग गिरजी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली. भोंगे थांबले म्हणून सोलापुरात कापड विणायचं थांबलं का? पूर्व भागातल्या गल्ल्यांमधून चाला, प्रत्येक चौथ्या घरातून खटखट ऐकू येते. गिरण्या गेल्या, शेडमधले यंत्रमाग राहिले.

शरीरातही तसंच आहे. अरोमाटेजचे छोटे माग चरबीत असतात, स्नायूंत असतात, कातडीत, हाडांत, मेंदूतही असतात. त्यांना सूत येतं मुख्यतः मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींकडून. त्या ग्रंथींचं काम पाळी गेल्यावरही चालू राहतं. म्हणजे साठीच्या बाईच्या अंगातही एस्ट्रोजेन असतं, ते चरबीतल्या मागांवर विणलेलं. चरबी जास्त तर माग जास्त. पाळी गेल्यानंतर वजन वाढलेल्या बायकांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की स्तन हा बराचसा चरबीचाच बनलेला असतो. म्हणजे तिथल्या तिथंच माग चालू असतात. पाळी गेलेल्या बाईच्या रक्तात एस्ट्रोजेन अगदी कमी दिसतं, पण स्तनाच्या पेशींच्या आसपास ते रक्तापेक्षा कितीतरी जास्त असू शकतं. शेजारच्या घरातच माग असेल तर चादरीसाठी बाजारात कशाला जायचं?

कॅन्सरच्या गाठीला ही चादर कशाला लागते?

सगळ्या गाठींना लागत नाही. काही गाठींच्या पेशींवर एस्ट्रोजेन घेणारी खिडकी असते, तिला रिसेप्टर म्हणतात. खिडकीतून एस्ट्रोजेन आत गेलं की पेशीला 'वाढ' असा निरोप मिळतो. अशा गाठीला ईआर पॉझिटिव्ह म्हणतात. आपल्या देशात स्तनाच्या कॅन्सरच्या निम्म्याहून अधिक गाठी या प्रकारच्या निघतात.

हे समजण्यासाठी गाठीच्या तुकड्याची तपासणी होते आणि त्या रिपोर्टमध्ये ईआर (एस्ट्रोजेनची खिडकी), पीआर (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची खिडकी) आणि हर-टू (पेशीवरचं वाढीचं एक प्रथिन) अशा तीन ओळी असतात. काही ठिकाणी ईआरपुढे आठापैकी गुण लिहिलेले असतात, काही ठिकाणी टक्के. माझ्याकडे लोक ऑपरेशनचं बिल, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे सगळं पिशवीत घेऊन येतात आणि हा एक कागद मात्र घरी कुठंतरी राहिलेला असतो. पुढची पाच-दहा वर्षं कोणती गोळी चालणार ते या ओळीवर ठरतं. त्याला प्लास्टिकची पिशवी घाला आणि रेशनकार्डाबरोबर ठेवा. ईआर निगेटिव्ह असेल तर या गोळ्यांचा काही उपयोग नाही. शेजारणीला चालू आहे म्हणून मला का नाही, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथं असतं.

हा संबंध लोकांना हार्मोन सापडायच्याही आधी दिसला होता. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली पाळी चालू असलेल्या, स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बायकांची अंडाशयं काढली आणि काहींच्या गाठी लहान झाल्याचं लिहून ठेवलं. एस्ट्रोजेन वेगळं काढून ओळखलं गेलं ते १९२९ मध्ये. म्हणजे तेहतीस वर्षं आधी या माणसानं गिरणी बंद करून पाहिली होती, आत काय विणलं जातंय हे माहीत नसताना.

टॅमॉक्सिफेन वेगळी, ही वेगळी

बऱ्याच घरांत टॅमॉक्सिफेन हे नाव ओळखीचं आहे. दोन्ही 'हार्मोनच्या गोळ्या' म्हणूनच ओळखल्या जातात, पण काम वेगळं. टॅमॉक्सिफेन मागाला हात लावत नाही. ती पेशीच्या खिडकीत जाऊन बसते. चादर बाहेर येऊन उभी राहते, पण आत घेणारी खिडकीच अडलेली. अरोमाटेज इनहिबिटर खिडकीला हात लावत नाहीत, ते चादरच विणू देत नाहीत.

माग थांबवायची कल्पना जुनी आहे. सुरुवातीला अमिनोग्लुटेथिमाइड नावाचं औषध वापरलं गेलं, जे मुळात फिट्ससाठी आलं होतं. ते अरोमाटेज थांबवायचं, पण सोबत शरीराला आवश्यक असलेलं कॉर्टिसॉलही थांबवायचं, म्हणून वरून स्टेरॉइड द्यावं लागायचं. एकच माग थांबवायचा तर अख्ख्या गल्लीची वीज घालवल्यासारखं. १९७०च्या दशकात अँजेला ब्रॉडी या शास्त्रज्ञ बाईंनी नेमका अरोमाटेजच पकडणाऱ्या औषधांवर काम सुरू केलं. त्या काळी बऱ्याच जणांचा या कल्पनेवर विश्वास नव्हता, पण त्या वर्षानुवर्षं मागे लागल्या. आज दर महिन्याला मी जी पाकिटं काढून देते, त्यांचा रस्ता त्या कामातून निघाला.

आता वापरात तीन गोळ्या आहेत: लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, अनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम आणि एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम. तिन्ही रोज एकच. यातल्या पहिल्या दोन गोळ्या मागात खुंटी अडकवून ठेवतात. खुंटी काढली की माग पुन्हा चालू. एक्झेमेस्टेन सुतासारखं रूप घेऊन आत शिरते आणि माग कायमचा बिघडवते. शरीर नवा माग बसवतं, म्हणून तीही रोजच घ्यावी लागते. परिणामात तिघींत मोठा फरक नाही. पाळी गेलेल्या बाईच्या शरीरात या गोळ्या मागांचं काम ९७ ते ९९ टक्के थांबवतात.

फायदा किती? २०१५ मध्ये जवळजवळ ३२,००० पाळी गेलेल्या बायकांची माहिती एकत्र करून तपासली गेली. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्यांपैकी दहा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरनं साधारण १४ टक्के बायका गेल्या. पाच वर्षं अरोमाटेज इनहिबिटर घेतलेल्यांत साधारण १२ टक्के. शंभरातल्या दोन म्हणजे थोड्या वाटतील. पण टॅमॉक्सिफेननं आधीच बऱ्याच जणी वाचवलेल्या असतात, त्यावर या आणखी दोन आहेत. प्रत्येक शंभरातल्या दोन घरांत आई राहते, आजी राहते. मला तरी हा आकडा मोठा वाटतो.

पाळी चालू असलेल्या बाईला हीच गोळी का देत नाहीत?

इथं गोष्ट वळण घेते आणि सुनेच्या चिठ्ठीचं उत्तरही इथंच आहे.

गिरणीला ऑर्डर देणारं एक ऑफिस मेंदूच्या तळाशी बसलेलं असतं, पिट्युटरी ग्रंथी. त्याचं सतत लक्ष असतं, बाजारात चादर किती आहे. चादर कमी पडली की ते अंडाशयाला मोठी ऑर्डर पाठवतं. या ऑर्डरचं नाव एफएसएच.

पाळी गेलेल्या बाईत गिरणीच बंद. ऑफिसनं कितीही ऑर्डर पाठवली तरी घेणारं कुणी नाही. म्हणून गोळीनं घरचे माग थांबवले की काम झालं. पण पाळी चालू असलेल्या बाईला नुसती गोळी दिली तर एस्ट्रोजेन थोडं कमी होतं, ऑफिस घाबरून दुप्पट ऑर्डर पाठवतं आणि गिरणी आणखी जोरात चालते. गोळी हरते. म्हणून तरुण बाईला कॅन्सरसाठी ही गोळी द्यायची झाली तर आधी गिरणी बंद करावी लागते: दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन अंडाशय झोपवतात किंवा ऑपरेशन करून काढतात.

इथं आपल्या भागातल्या बायकांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे तिशी-पस्तिशीत 'पिशवी काढलेल्या' बायका खूप आहेत. पिशवी म्हणजे गर्भाशय. गर्भाशय काढलं की पाळी येत नाही, पण अंडाशय ठेवलेली असतील तर गिरणी चालूच असते. पाळी येत नाही म्हणजे पाळी गेली असं धरून बाई डॉक्टरांना 'पाळी बंद आहे' एवढंच सांगते आणि तिला गोळी चालू होते. माझं कळकळीचं सांगणं आहे, पिशवी काढली असेल तर ते आवर्जून सांगा, अंडाशय ठेवलीत की काढलीत ते जुन्या कागदावर बघा. डॉक्टर रक्ताची तपासणी करून नक्की करतात. केमोनं पाळी थांबलेल्या चाळिशीच्या बायकांचंही तसंच. त्यांची गिरणी फक्त डुलकी घेत असू शकते, कधीही जागी होऊ शकते. म्हणून या गोळीवर असताना रक्तस्राव झाला तर तो साधा समजू नका, लगेच कळवा.

सुनेच्या चिठ्ठीचं उत्तर

आता तीच ऑर्डरची गोष्ट उलटी करून बघा. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाचा हार्मोनशी जोडलेला विकार, असलेल्या मुलीचं स्त्रीबीज बऱ्याचदा पिकून बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते आणि गर्भ राहत नाही. तिला काय हवंय? ऑफिसकडून जरा जोराची ऑर्डर. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस लेट्रोझोल दिलं की एस्ट्रोजेन तेवढ्यापुरतं खाली जातं, ऑफिस एफएसएच वाढवतं आणि अंडाशयातलं एक बीज वाढीला लागतं. कॅन्सरमध्ये जी गोष्ट औषधाला हरवते, तीच इथं कामाला लावलेली आहे.

गोळीचा असर अंगातून कमी व्हायला काही दिवस लागतात. बीज सुटतं ते साधारण महिन्याच्या मध्याला, तोवर औषध जवळपास निघून गेलेलं असतं. सासूबाई रोज घेतात, वर्षानुवर्षं. सून महिन्यातून पाच गोळ्या घेते आणि थांबते. नाव एक, पण काम दोन.

तरीही तिनं विचारलं, "पण मोबाईलवर लिहिलंय की भारतात यावर बंदी आहे." तिनं वाचलं ते खोटं नव्हतं, जुनं होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारनं वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरायला बंदी घातली होती. बाळात व्यंग येईल ही भीती तेव्हा चर्चेत होती. त्या भीतीचं मूळ २००५ सालच्या एका छोट्या अहवालात होतं. त्यानंतर २००६ मध्ये नऊशेहून अधिक बाळांची पाहणी झाली आणि धोका वाढलेला दिसला नाही. मग २०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० बायकांवर अभ्यास झाला. लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के जणींना मूल झालं, जुन्या क्लोमिफेन गोळीनं १९.१ टक्के. भारतातली बंदी २०१७ मध्ये उठली. आज पीसीओएससाठी बीज पिकवायचं असेल तर हीच गोळी पहिली निवड मानली जाते.

दोन अटी मात्र पक्क्या. आधीच दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करूनच गोळी सुरू करायची, कारण पोटातल्या गर्भाला ही गोळी चालत नाही. आणि सोनोग्राफीनं बीज बघितल्याशिवाय महिन्यामागून महिना गोळ्या घेत बसायचं नाही. जुनी चिठ्ठी दाखवून 'मॅडम, मागच्यासारख्याच द्या' म्हणणाऱ्यांना मी देत नाही, त्यावर काही जणी रागावतात, त्याला इलाज नाही.

"सांधे धरलेत, गोळी सोडू का?"

सासूबाईंकडे परत येऊ, कारण दुकानात मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा प्रश्न हाच आहे. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली. भाकरी थापायला बसलं तर तळहात उघडत नाही. गुडघे, मनगटं, घोटे. विडीच्या कामावर जाणाऱ्या एका मावशींनी हात समोर धरून मला दाखवलं होतं. पान कापायची कात्री अंगठ्यात बसत नव्हती, बोटं अर्ध्यावर थांबत होती. रोज हजार विड्यांवर घर चालतं त्या बाईला 'साइड इफेक्ट आहे, सहन करा' असं सांगणं मला जमत नाही.

एस्ट्रोजेन गेल्यावर सांधे दुखणं हे या गोळ्यांचं सर्वांत मोठं गाऱ्हाणं आहे. बऱ्याच बायकांना ते कमी-जास्त होतं. त्यामुळे कित्येक जणी पाच वर्षं पूर्ण करत नाहीत, आणि वाईट म्हणजे डॉक्टरांना सांगतही नाहीत. पाकीट आणतात, डब्यात ठेवतात. गोळी घेतली काय न घेतली काय, बाईला काही जाणवत नाही, उलट न घेतल्यावर बरं वाटतं. त्यामुळे मनाला पटतं की गोळीचा उपयोगच नव्हता. पण ही गोळी दुखणं कमी करणारी नाहीच. ती माग थांबवून ठेवते आणि थांबलेल्या मागाचा आवाज येत नाही.

सोडायच्या आधी बरंच काही करता येतं. डॉक्टर कधी दोन-तीन आठवडे गोळी थांबवून बघतात, मग तिघींपैकी दुसरी देतात. एकीनं त्रास होणाऱ्या बाईला दुसरी चालते, असं अनेकदा होतं. अगदीच नाही जमलं तर टॅमॉक्सिफेन आहे. काही नसण्यापेक्षा ती खूप चांगली. आणि व्यायाम, जो ऐकल्यावर बायका हसतात, त्यावर खरोखर अभ्यास झालाय. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या गोळ्यांनी सांधे दुखणाऱ्या १२१ बायका होत्या. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम आणि दीडशे मिनिटं भरभर चालणं असं वर्षभर करणाऱ्यांचं सर्वांत जास्त होणारं दुखणं २९ टक्क्यांनी उतरलं. सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं सकाळी अर्धा तास चाला, आठवड्यातून पाच दिवस. दीडशे मिनिटं तिथंच होतात.

हाडांचा प्रश्न गुपचूप येतो. एस्ट्रोजेन हाडं जपतं, ते गेलं की हाडं विरळ होतात. वर सांगितलेल्या ३२,००० बायकांच्या आकड्यांत, पाच वर्षांत हाड मोडणाऱ्या बायका टॅमॉक्सिफेनवर ५.५ टक्के होत्या, या गोळ्यांवर ८.२ टक्के. म्हणून गोळी सुरू करतानाच डेक्सा स्कॅन करतात, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, गरज पडली तर हाडं धरून ठेवणारं झोलेड्रॉनिक अॅसिडचं इंजेक्शन. हे इंजेक्शन घेण्याआधी दाताचं मोठं काम उरकून घ्या, दातांच्या डॉक्टरांनाही कळवा. टॅमॉक्सिफेनचे त्रास वेगळे: गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आणि रक्ताच्या गाठी, दोन्ही थोड्याच जणींना, पण होतात. कोणती गोळी कुणाला, हे ठरवताना डॉक्टर हे सगळं तोलत असतात.

अंगातून वाफा येणं आणि जागा कोरडी पडणं याबद्दल बायका माझ्यापाशीही कुजबुजतच बोलतात. डॉक्टर पुरुष असतील तर बोलतच नाहीत. बोला. कोरडेपणासाठी हार्मोन नसलेले जेल आणि क्रीम मिळतात. एस्ट्रोजेनचं क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. एकीकडे माग थांबवायचे आणि दुसरीकडे बाहेरून चादर आणायची, असं होईल.

सोयाबीन खायचं की नाही?

बार्शीकडच्या शेतांत सोयाबीन, घरात सोयाबीनचं तेल, मग हा प्रश्न येणारच. सोयाबीनमध्ये एस्ट्रोजेनशी थोडं मिळतंजुळतं द्रव्य असतं, हे खरं. जेवणातल्या प्रमाणात सोयाबीन खाल्ल्यानं नुकसान होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तेलाची काळजी करू नका. पण 'पाळीच्या वयानंतरच्या त्रासासाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये तेच द्रव्य काढून, दाट करून भरलेलं असतं. ती कॅप्सूल आणि झाडपाल्याची बिननावाची पुडी, दोन्ही आणायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

जिममधल्या पोरांसाठी दोन शब्द

हल्ली विशीतली मुलं येऊन अनास्ट्रोझोल मागतात. दंड वाढवायला टेस्टोस्टेरॉन टोचून घेतात. अंगातले माग त्या जास्तीच्या सुताची चादर विणतात, छाती बाईसारखी फुगायला लागते, मग कुणीतरी ही गोळी सुचवतं. पुरुषालाही थोडं एस्ट्रोजेन लागतंच. जन्मतःच अरोमाटेज नसलेले काही पुरुष जगात सापडलेत. त्यांची हाडं पोकळ होतात, आणि हाडांची वाढ बंद व्हायचा निरोपच न मिळाल्यानं ते तिशीतही उंच होत राहतात. खेळाडूंसाठी तर ही औषधं जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, आणि त्या मुलांना बसवून हेच सांगते. छाती खरंच फुगली असेल तर आधी इंजेक्शन बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

किती वर्षं, आणि जायचं कुठं?

साधारण पाच वर्षं. गाठ मोठी असेल, काखेतल्या गाठींत पसरलेली असेल तर सात किंवा दहा. ईआर पॉझिटिव्ह कॅन्सर खूप उशिरानं, दहा-पंधरा वर्षांनीही परत येऊ शकतो, म्हणून एवढा लांबचा पल्ला. मधे महिनाभर गोळी चुकली तर घाबरून एकदम दोन-दोन गोळ्या घेऊ नका, पुढची गोळी नेहमीच्या वेळेला घ्या आणि डॉक्टरांना कळवा. तिन्ही गोळ्या जेनेरिकमध्ये मिळतात. ब्रँड महाग वाटला तर जनऔषधी केंद्रात विचारा, नाव औषधाचं सांगा, कंपनीचं नको.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे बार्शी. नर्गिस दत्त यांच्या नावानं तिथं कॅन्सरचं रुग्णालय आहे, आणि १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी तिथंच सुरू झाली. म्हणजे गावोगाव जाऊन कुणाला कोणता कॅन्सर झाला ते लिहून ठेवायचं काम. भारतातल्या खेड्यातल्या बायकांच्या कॅन्सरबद्दल जे काही कळलं त्यात आपल्या बार्शी भागातल्या बायकांच्या नोंदी आहेत. मुंबईला जायचं जमत नाही म्हणून उपचार सोडणाऱ्यांना मी आधी बार्शीचं नाव सांगते.

त्या संध्याकाळी सून उठली तेव्हा तिचा चेहरा निवळला होता. मी तिच्यासाठी पाच गोळ्या पाकिटातून कापून वेगळ्या कागदी लिफाफ्यात घातल्या. वर लाल पेननं तिचं नाव आणि 'तिसऱ्या दिवसापासून ५ दिवस, मग बंद' असं लिहिलं. सासूबाईंच्या पाकिटावर 'रोज १, रात्री'. एकाच घरात, एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या गोळ्या. विजेच्या भारनियमनात अंधारात हात चुकीच्या पाकिटावर पडायला वेळ लागत नाही. त्यातून सुनेला दिवस गेलेले असले तर मग काय? म्हणून विचारलं, "आत्याबाईंच्या गोळ्या कुठं ठेवता?"

"देवघराच्या वरच्या फळीवर."

"मग तुझ्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेव. आणि पाचवी गोळी संपली की लिफाफा फाडून टाक."

तिनं लिफाफा पर्सच्या आतल्या खणात घातला, चेन लावली आणि सासूबाईंचं पाकीट वेगळ्या पिशवीत घेतलं.